गॅस एजन्सीचा अर्ज: पात्रता नेमकी कोणत्या तारखेला मोजतात?

गॅस एजन्सीच्या किंवा पेट्रोल पंपाच्या सोडतीत नाव निघालेला अर्जदार पुढच्या छाननीत बाद झाल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. प्रत्येक वेळी त्या घरातला प्रश्न एकच असतो: जमीन आहे, कागद आहेत, पैशांची सोयही झाली आहे, मग नकार कशासाठी? पुष्कळदा त्याचे उत्तर एका तारखेत असते. जमीन असते, पण ती अर्जदाराच्या नावावर झालेली असते अंतिम मुदत उलटल्यानंतर. मधले अंतर कधी महिन्याचे, तर कधी अवघ्या दोन दिवसांचे असते आणि परिणाम दोन्हींचा सारखाच होतो.

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्या आपल्या वितरकांची आणि पंपचालकांची निवड जाहिरात देऊन करतात. पेट्रोल पंपांसाठी नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाच वेळी पन्नास हजारांहून अधिक ठिकाणांची जाहिरात निघाली होती आणि त्यानंतरची मोठी जाहिरात जून २०२३ मध्ये आली. अशा जाहिरातींना गावोगावचे लोक अर्ज करतात, जमिनीचे व्यवहार घाईने उरकतात, कर्ज काढतात. ज्या तारखेवर हे सगळे उभे असते, ती तारीख कशी मोजली जाते हे त्यांना आधीच कळायला हवे, म्हणून हा लेख.

एजन्सी वेगळी, परवाना वेगळा

बोलताना आपण ‘गॅसचे लायसन्स मिळाले’ असे सहज म्हणतो, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे वितरकपद, म्हणजेच एजन्सी. ते तेल कंपनी देते आणि तो कंपनी व वितरक यांच्यातील करार असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ज्वलनशील पदार्थ साठवण्याचा परवाना. तो केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था देते, जिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पेसो’ म्हणतात आणि जिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सिलिंडरच्या गोदामासाठी हा परवाना गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली मिळतो, तर पेट्रोल पंपासाठी पेट्रोलियम नियम, २००२ खाली. पंपाच्या बाबतीत त्याआधी जिल्हा प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते.

क्रम असा की आधी कंपनीची निवड, मग इरादापत्र (नेमणूक देण्याचा इरादा कळवणारे कंपनीचे पत्र), मग गोदामाचे किंवा पंपाचे बांधकाम आणि परवाना, आणि शेवटी प्रत्यक्ष नेमणूक. ज्या तारखेची चर्चा आपण करत आहोत ती या साखळीच्या अगदी पहिल्या टप्प्यावर असते. परवाना पुढे मिळणारच आहे, तेव्हा आत्ता तारखेची काळजी कशाला, असे समजून चालणारे अर्जदार पहिल्याच टप्प्यावर अडतात.

पात्रतेचा दिवस

स्वयंपाकाच्या गॅसच्या वितरकांसाठी तिन्ही कंपन्यांची सामाईक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार वितरकांचे चार प्रकार पडतात: शहरी, रर्बन म्हणजे निमशहरी, ग्रामीण आणि दुर्गम क्षेत्रीय. अर्जदार दहावी उत्तीर्ण असावा आणि त्याचे वय २१ ते ६० वर्षांच्या दरम्यान असावे, या साध्या अटी आहेत. खरी अवघड अट जमिनीची आहे. शहरी आणि निमशहरी वितरकाकडे ८,००० किलो गॅस साठवता येईल एवढ्या गोदामासाठी किमान २५ मीटर बाय ३० मीटरचा भूखंड हवा. ग्रामीण वितरकाच्या ५,००० किलोच्या गोदामासाठी २१ बाय २६ मीटरचा, आणि दुर्गम भागातील ३,००० किलोच्या गोदामासाठी १५ बाय १६ मीटरचा. याखेरीज शोरूमसाठी किमान ३ बाय ४.५ मीटरची जागाही लागते.

ही जमीन ‘अर्ज सादर करण्याच्या अंतिम दिनांकास’ अर्जदाराच्या मालकीची असली पाहिजे. मालकी म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र अशा दस्ताने मिळालेली किंवा वारशाने आलेली मालकी, किंवा किमान १५ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा. जमीन पती किंवा पत्नी, आईवडील अशा नियमात सांगितलेल्या कुटुंबीयांच्या नावावर असली तरी त्यांच्या लेखी संमतीने ती चालते.

यातले ‘अंतिम दिनांकास’ हे शब्द निर्णायक आहेत. सोडतीच्या दिवशी, पडताळणीच्या दिवशी किंवा कंपनीचा अधिकारी जागा पाहायला येईल त्या दिवशी काय स्थिती आहे, हे येथे विचारात घेतले जात नाही. पहिलीच्या प्रवेशासाठी मूल ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचे पूर्ण व्हावे लागते, हे महाराष्ट्रातल्या पालकांना ठाऊक आहे. जन्माचा दाखला नगरपालिकेतून आणायला आठ दिवस उशीर झाला तर शाळा थांबेलही, परंतु १ जानेवारीला सहा पूर्ण करणाऱ्या मुलाचे वय कोणताही दाखला एका दिवसाने वाढवू शकत नाही. वितरकपदाच्या पात्रतेचा हिशेब असाच असतो, आणि दाखला व वय यांतला हा फरक पुढे न्यायालयीन निकालांमध्येही आपल्याला भेटणार आहे.

कंपनीने शुद्धिपत्रक काढून मुदत वाढवली, तर पात्रतेचा दिवसही तेवढाच पुढे सरकतो. ही वाढ सर्वांसाठी जाहीरपणे झालेली असते, त्यामुळे तिचा लाभ घेण्यात काहीही गैर नाही. म्हणूनच जाहिरातीचे कात्रण जपून ठेवणे पुरत नाही. त्यानंतर निघालेली शुद्धिपत्रकेही शेवटपर्यंत पाहत राहावे लागते.

जमिनीचा कागद: अडचण इथे येते

समजा, एका तालुक्याच्या गावी निमशहरी वितरकाची जाहिरात आली आहे आणि अर्जाची अंतिम तारीख महिन्याची २० आहे. अर्जदाराने गावाबाहेर साडेसात गुंठ्यांचा तुकडा पाहिला, मालकाशी बोलणे झाले, आणि १२ तारखेला पाचशेच्या मुद्रांकावर पंधरा वर्षांचा भाडेकरार लिहून तो नोटरीसमोर केला. त्याच्या मते काम झाले. प्रत्यक्षात काहीच झालेले नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फार तर एवढे सांगतो की अमुक माणसाने आपल्यासमोर सही केली. जमिनीतला हक्क हस्तांतरित होण्यासाठी दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच जावा लागतो.

साठेखताचे आणि विसारपावतीचेही तेच. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने खरेदीदाराला व्यवहार पूर्ण करून मागण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. अर्ध्याहून अधिक रक्कम दिली असली आणि जमिनीचा ताबाही घेतला असला, तरी गॅस वितरकपदाच्या नियमांपुरती ती जमीन अजून दुसऱ्याचीच असते.

आता त्याच अर्जदाराने चूक ओळखून १८ तारखेला रीतसर भाडेपट्टा केला, मुद्रांक शुल्क भरले, दोन्ही पक्षांनी सह्या केल्या, परंतु नोंदणीसाठी वेळ मिळाली ती २२ तारखेची. येथे कायद्यातला एक बारकावा आहे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो, आणि नोंदणी झाली की कलम ४७ नुसार त्याचा अंमल सही झाल्याच्या दिवसापासून धरला जातो. मग १८ तारखेला हक्क मिळाला, असे म्हणता येणार नाही का? घेणारा आणि देणारा यांच्यापुरते तसे म्हणता येईल. परंतु वितरकपदाची अट ‘अंतिम दिनांकास नोंदणीकृत भाडेपट्टा असावा’ अशी आहे, आणि २० तारखेला तो कागद नोंदणीकृत नव्हता, हे कोणत्याही युक्तिवादाने बदलत नाही. कलम ४७ चा आधार घेऊन न्यायालयात भांडता येईल, पण ज्याच्यावर घराचे भवितव्य उभे करावे असा तो आधार नाही.

म्हणून दस्ताचा कागद हातात आला की त्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सही झाल्याचा दिनांक. दुसरी, नोंदणीचा दिनांक आणि दस्त क्रमांक, जे सूची क्रमांक दोनवर, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स-टू म्हणतो त्यावर, स्पष्ट छापलेले असतात. तिसरी, भाडेपट्टा सुरू होण्याचा दिनांक. पंधरा वर्षांचा पट्टा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होणार असे त्यात लिहिले असेल, तर अंतिम दिनांकास भाडेकरूचा हक्क सुरूच झालेला नसतो. हे वाक्य अनेकदा जुना मसुदा समोर ठेवून टंकलेखक घालतो आणि सही करताना ते कोणी वाचत नाही.

मोजमापाचेही भान ठेवावे. २५ बाय ३० मीटर म्हणजे ७५० चौरस मीटर, परंतु ८०० चौरस मीटरचा पण २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असा पट्टा क्षेत्रफळाने मोठा असूनही बसत नाही, कारण गोदामाच्या चारही बाजूंना ठरावीक मोकळे अंतर सोडावे लागते. रस्त्याची अटही तशीच आहे: भूखंडापर्यंत बाराही महिने वाहन जाईल असा किमान अडीच मीटर रुंदीचा रस्ता हवा, आणि तो दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्या वाटेचा हक्क कागदावर हवा. पायवाटेने ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जातो’ हे सांगणे पुरत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याला आणखी काही स्थानिक पदर आहेत. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेततुकड्याच्या हस्तांतराची नोंदणी अडू शकते, आणि गोदामाला लागणारा साडेसात गुंठ्यांचा तुकडा नेमका याच कचाट्यात सापडतो. या कायद्यातल्या सवलती आणि मर्यादा वेळोवेळी बदललेल्या आहेत, म्हणून त्या दिवशीचा नियम दुय्यम निबंधकाकडूनच विचारून घ्यावा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर हस्तांतरापूर्वी बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती पंधरा दिवसांत हातात पडत नाही. जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांची लेखी संमती लागते. त्यातला एक भाऊ पुण्यात आणि दुसरी बहीण बडोद्यात असेल, तर त्या सह्यांची वाट पाहण्यातच मुदत संपते.

सातबाऱ्याविषयी मात्र एक दिलासा आहे. खरेदीखताची नोंदणी मुदतीत झाली, पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव नंतर चढले, तर मालकी नंतर मिळाली असे होत नाही. महसुली नोंद ही प्रामुख्याने सारा वसुलीसाठी असते, ती मालकी निर्माण करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. वारशाच्या बाबतीतही हक्क मृत्यूच्या क्षणी मिळतो, वारस नोंद त्यानंतर होते. तरीही पडताळणीला येणारा अधिकारी आधी सातबारा मागतो, म्हणून अशा अर्जदाराने नोंदणीकृत दस्त आणि फेरफाराच्या अर्जाची पोच तयार ठेवावी.

‘चार दिवसांनी असे काय बिघडते?’

हा आक्षेप मनापासून घेतलेला असतो आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. सोडत अनेक महिन्यांनी निघते, पडताळणी त्याहून उशिरा होते. तोवर अर्जदाराने सर्व अटी पूर्ण केल्या असतील, तर चार दिवसांच्या उशिराने कंपनीचे किंवा ग्राहकाचे कोणते नुकसान झाले?

सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न नोकरभरतीच्या एका प्रकरणात आला होता. जम्मू-काश्मीरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांच्या जागांसाठी १९८२ मध्ये अर्ज मागवले गेले. अर्जाच्या अंतिम तारखेला काही उमेदवारांचा पदवी परीक्षेचा निकाल लागलेला नव्हता, तो मुलाखतींच्या थोडा आधी लागला. १९९३ मध्ये न्यायालयाने बहुमताने या उमेदवारांच्या बाजूने कौल दिला, कारण मुलाखतीच्या दिवशी ते पात्र होते. परंतु १९९७ मध्ये अशोककुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर या प्रकरणात त्याच निर्णयाचा पुनर्विचार झाला आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो दृष्टिकोन चुकीचा ठरवला. त्यामागचे कारण मला अतिशय न्याय्य वाटते. न्यायालयाचे म्हणणे असे की निकालाची वाट पाहणारे असे आणखीही कितीतरी लोक असतील, ज्यांनी जाहिरात वाचली, आपण अंतिम तारखेला पात्र नाही हे ओळखले आणि प्रामाणिकपणे अर्जच केला नाही. अपात्र असूनही अर्ज करणाऱ्यांना सूट दिली, तर नियम पाळून घरी बसलेल्यांवर अन्याय होतो, आणि ते न्यायालयासमोर कधीच येत नाहीत.

गॅस एजन्सीला हे तंतोतंत लागू पडते. २४ तारखेला जमीन नावावर झालेला एक अर्जदार आपल्याला दिसतो, त्याची तळमळ दिसते. परंतु त्याच तालुक्यात ज्यांची जमीन त्याच आठवड्यात नावावर होणार होती आणि ज्यांनी ‘२० तारखेपर्यंत जमत नाही’ म्हणून विषय सोडून दिला, असे लोक कोणत्याही फायलीत नसतात. अंतिम तारीख त्यांच्यासाठीही असते.

दुसरे कारण इतिहासात आहे. इंधनाच्या वितरणाचे हक्क मर्जीने वाटण्याची या देशाने मोठी किंमत मोजली आहे. पेट्रोलियम मंत्र्यांनी आपल्या विवेकाधिकारातून दिलेले १५ पेट्रोल पंप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केले. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये निवड मंडळांमार्फत झालेल्या वाटपांवरून गदारोळ उठला आणि केंद्र सरकारने जानेवारी २००० पासूनचे वाटप सरसकट रद्द केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सरसकट रद्द करणेही अमान्य केले आणि आरोप झालेल्या ४१३ प्रकरणांची तपासणी समितीकडे सोपवली. मुलाखतीतील गुणांची पद्धत जाऊन सोडत आली ती याच अनुभवानंतर. अधिकाऱ्याला ‘चार दिवस चालतील, चाळीस चालणार नाहीत’ असे ठरवण्याची मुभा दिली, तर तो जुना दरवाजा पुन्हा किलकिला होतो.

‘पण दाखला नंतर दिला तर?’

पात्रता असणे आणि पात्रतेचा पुरावा हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदा हा भेद मानतो. २००५ मध्ये डॉली छंदा यांच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. डॉली छंदा या एका माजी सैनिकाच्या कन्या होत्या आणि जिल्हा सैनिक मंडळाने सुरुवातीला चुकीचा दाखला दिल्यामुळे त्यांचा प्रवेश अडला. न्यायालयाने सांगितले की अंतिम तारखेला पात्रता असणे हा नियमच आहे, परंतु ती पात्रता मुळात होती आणि केवळ दाखल्यात चूक होती, अशा ठिकाणी पुरावा सादर करण्याच्या नियमाकडे लवचीकपणे पाहता येते. इतर मागासवर्गाच्या दाखल्याबाबत २०१६ च्या राम कुमार गिजरोया प्रकरणातही उशिरा दिलेला दाखला ग्राह्य धरला गेला.

यावरून कोणताही दाखला केव्हाही दिला तरी चालतो, असा अर्थ मात्र काढू नये. २०२३ मध्ये दिव्या विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या सवलतीसाठी उत्पन्नाचे प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत हातात असणे हाच पात्रतेचा भाग आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्रश्न शेवटी जाहिरातीच्या शब्दांवर येतो. ‘अर्जदार अमुक प्रवर्गातील असावा’ असे म्हटले असेल तर दाखला हा पुरावा ठरतो. ‘अमुक तारखेपर्यंत दिलेले प्रमाणपत्र असावे’ असे म्हटले असेल तर ते प्रमाणपत्र हीच अट होते. जमिनीच्या नोंदणीकृत दस्ताचे स्वरूप या दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण दस्ताशिवाय हक्कच निर्माण होत नाही.

‘अर्ज भरताना तर कागद मागत नाहीत’

हे खरे आहे आणि येथेच बरेच जण गाफील राहतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि माहिती अर्जदाराच्या शब्दावर स्वीकारली जाते. सोडतीत नाव निघाल्यानंतर अनामतीच्या दहा टक्के रक्कम भरून घेतली जाते, कागद मागवले जातात आणि मग प्रत्यक्ष पडताळणी होते, जिला कंपन्यांच्या बोलीत ‘एफव्हीसी’ म्हणतात. अर्जात लिहिलेला गट क्रमांक, दस्त क्रमांक, दिनांक आणि मोजमाप हे सगळे तेव्हा मूळ कागदांशी ताडून पाहिले जाते. अर्जातली माहिती खोटी किंवा चुकीची निघाली आणि त्यामुळे पात्रतेला बाधा येत असेल, तर निवड रद्द होते, भरलेली रक्कम जप्त होते आणि उरलेल्या पात्र अर्जदारांतून पुन्हा सोडत काढली जाते.

‘२० पर्यंत होईलच’ या भरवशावर अर्जात आधीच दस्ताचा तपशील लिहून टाकणे म्हणूनच घातक आहे. अर्ज शेवटच्या दिवशी भरला तरी चालतो. न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहिली, तर ती पुढे झाली तरी अर्ज खोटाच राहतो.

जागा नापसंत झाली तर दुसरी देता येते का?

अर्जात दाखवलेली जमीन पडताळणीत अयोग्य ठरली, उदाहरणार्थ तिच्यावरून विजेच्या तारा जात असल्या, तर पर्यायी जागा देण्याची सोय नियमांत आहे. परंतु ही पर्यायी जागाही अर्जाच्या अंतिम दिनांकास अर्जदाराच्या मालकीची असली पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. नकारानंतर घाईने विकत घेतलेली जमीन या टप्प्यावर उपयोगी पडत नाही. इरादापत्र मिळाल्यानंतर अधिक सोयीची जागा देण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे नियमही वेगळे आहेत. या दोन टप्प्यांची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळ वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले आहेत.

पेट्रोल पंपाचा हिशेब थोडा निराळा

पंपाच्या निवडीत अर्जदारांचे तीन गट पडतात. ज्यांच्याकडे योग्य जमीन आहे ते पहिल्या गटात, ज्यांच्याकडे जमीनमालकाचा पक्का लेखी देकार आहे ते दुसऱ्या गटात, आणि ज्यांनी जमीन दाखवलेलीच नाही ते तिसऱ्या गटात. सोडतीसाठी आधी पहिल्या गटाचा विचार होतो, तिथे कोणी पात्र नसेल तर दुसऱ्याचा. गॅस एजन्सीसाठी निरुपयोगी ठरणारे साठेखत येथे दुसऱ्या गटापुरते कामाला येऊ शकते. भाडेपट्ट्याची मुदत मात्र किमान १९ वर्षे ११ महिने लागते.

तारखेच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा की २०१८ च्या पंपांच्या माहितीपुस्तिकेत जमीन ‘अर्जाच्या दिनांकास’ उपलब्ध असण्याची अट होती. एखाद्याने ५ तारखेला उत्साहाने अर्ज भरला, १० तारखेला जमीन नावावर केली आणि मुदत २० पर्यंत होती, तर तारखेपुरता गॅसच्या नियमाने तो वाचतो, पण पंपाच्या या नियमाने त्याची जमीन उशिराची ठरते. ज्याने गॅस एजन्सीचा अनुभव ऐकून पंपाचा अर्ज भरला, तो इथे हमखास फसतो. नवी जाहिरात आली की तिच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक अटीपुढे कोणती तारीख लिहिली आहे, ते पेन्सिलने अधोरेखित करून वाचावे.

मुदत पुरेशी असते का?

कडक तारखेचे मी वर समर्थन केले, पण जाहिरात आणि अंतिम तारीख यांच्यातला साधारण महिनाभराचा काळ सर्वांना सारखा पुरत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्याच्या घरी आधीच रस्त्यालगतची बिनशेती जमीन आहे, त्याला महिना भरपूर झाला. ज्याला जमीन शोधण्यापासून सुरुवात करायची आहे, त्याला शोध अहवाल, हिस्सेदारांच्या संमती, मोजणी, मुद्रांक आणि नोंदणी हे सगळे तेवढ्यात उरकायचे असते. प्रत्येक प्रवर्गात ३३ टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात, परंतु आपल्याकडे शेतजमीन अजूनही बहुतेक घरांत पुरुषांच्याच नावावर असते. कुटुंबीयांच्या जमिनीवर संमतीने अर्ज करण्याची सोय आहे म्हणून अनेक महिला अर्ज करू शकतात, पण ती संमती न देणारा दीर किंवा सासरा असला तर आरक्षण कागदावर राहते.

यावर उपाय तारीख शिथिल करण्याचा नव्हे. ठिकाणांची यादी आणि जमिनीच्या अटी अंतिम मुदतीच्या निदान तीन-चार महिने आधी मराठीतून जाहीर करणे कंपन्यांना अशक्य नाही. असे झाले तर मुदत कडक राहूनही ती गाठण्याची संधी अधिक लोकांना मिळेल.

तोवर अर्जदाराने आपली मुदत स्वतःच अलीकडे ओढून घ्यावी. संकेतस्थळ रविवारी रात्रीही अर्ज घेते, दुय्यम निबंधकाचे कार्यालय घेत नाही. २० तारीख रविवारी येत असेल, तर दस्ताच्या दृष्टीने शेवटचा खात्रीचा दिवस शुक्रवार १८ हाच असतो, आणि त्या शुक्रवारी सर्व्हर बंद पडण्याची शक्यता धरली तर गुरुवार. सुट्टीचा दिवस आला म्हणून मुदत आपोआप सोमवारपर्यंत जाते, असे गृहीत धरू नये.

नकाराचे पत्र आले तर

तिन्ही कंपन्या सरकारी असल्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार त्या ‘राज्य’ या व्याख्येत मोडतात आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्याआधी नकाराच्या पत्रात कोणत्या अटीचा आणि कोणत्या तारखेचा उल्लेख आहे हे नीट पाहावे. पत्रात नुसते ‘अपात्र’ एवढेच लिहिले असेल तर लेखी कारण मागावे. दस्त मुदतीत नोंदलेला असून अधिकाऱ्याने फेरफाराची तारीख धरली असेल, मुदतवाढीचे शुद्धिपत्रक विचारात घेतले नसेल, किंवा पुराव्यातील किरकोळ त्रुटीला अपात्रता मानले असेल, तर बाजू भक्कम आहे. नोंदणीच मुदतीनंतर झाली असेल, तर वकिलाने ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे. बाजू भक्कम असेल तर उशीर करू नये, कारण पुन्हा सोडत निघून दुसऱ्याला इरादापत्र गेले आणि त्याने गोदामाचे बांधकाम सुरू केले की न्यायालयालाही त्या तिसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो.